कोरोनानंतर अंगात राहिलेली कमजोरी: काय तपासायचं, वावरातलं काम कसं करायचं

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची पहिली वेचणी सुरू होती. माझी धाकटी जाऊ दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलो सहज वेचायची. त्या दिवशी ती पऱ्हाटीच्या तासातच, म्हणजे कापसाच्या झाडांच्या ओळीतच, खाली बसली. कमरेला बांधलेल्या कापडाच्या ओटीत मूठ-दोन मूठ कापूस, अंगात ताप नाही, फक्त ओठ पांढरे पडलेले. "बाई, मले दुखत काहीच नाही," ती म्हणाली, "पण पायात जीवच नाही राहिला. सकाळी उठली का असं वाटते का रातभर निंदण केलं." एप्रिलमध्ये तिला कोरोना झाला होता. भरती व्हावं लागलं नाही, ऑक्सिजन लागला नाही, आठ-दहा दिवसांत ताप उतरला. घरचे म्हणत होते, सहा महिने झाले, आता हे काय नवीन?

मी अठ्ठावीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून काम केलं आहे. तरी तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं जे सगळ्यांच्या तोंडून निघतं: हिंमत धर, चालती राहा, काम केलं की अंग मोकळं होईल. हा सल्ला तिच्यासाठी चुकीचा होता आणि त्यात तिचे दोन महिने वाया गेले. त्यानंतर जे शिकले, गावोगावच्या बायामाणसांबरोबर जे करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. अजूनही कोरोना होतो, अजूनही काहीजण त्यातून पूर्ण उठत नाहीत, आणि त्यांना आळशी ठरवणं अजून थांबलेलं नाही.

हा आजार आहे, आधी हे धरून चला

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये याची व्याख्या केली. कोरोना झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी त्रास असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि त्याचं दुसरं कारण सापडत नसेल, तर तो कोरोनानंतरचा आजार. डॉक्टर त्याला लाँग कोविड म्हणतात. थकवा, दम लागणं आणि डोकं जड होऊन काही न सुचणं या त्याच्या मुख्य तक्रारी. त्यांच्या जोडीला छातीत धडधड, झोप न लागणं, सांधे दुखणं, वास न येणं, उभं राहिलं की चक्कर येणं, असं काहीही असू शकतं. त्रास मधेच कमी होतो, पुन्हा उसळतो.

कोरोना हलका झाला होता म्हणून पुढे त्रास होणार नाही, असं नाही. बायकांमध्ये हा जास्त दिसतो, लस घेतलेल्यांमध्ये कमी. कारण एकच एक नाही. शरीरात उरलेले विषाणूचे अंश, भडकलेली प्रतिकारशक्ती, बारीक रक्तवाहिन्यांवरचा परिणाम, नाडी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा बिघाड, या सगळ्यांवर अभ्यास चालू आहे. हे बरं करणारी एखादी ठरलेली गोळी आज नाही. म्हणूनच जो कोणी "एका कोर्समध्ये बरं करतो" म्हणेल, त्याच्याकडे पैसे देऊ नका.

आधी धोका ओळखा

पुढचं काहीही करण्याआधी हे बघा. बसल्या जागी दम लागतो, छातीत दुखतं किंवा दाबल्यासारखं होतं, थुंकीतून रक्त येतं, एकच पाय सुजून दुखतो, तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, किंवा माणूस बेशुद्ध पडतो. यातलं एकही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. कोरोनानंतर रक्ताच्या गाठी होण्याचा धोका काही काळ वाढलेला असतो. पायाची सूज "वात आला" म्हणून तेल लावून बसायची नसते.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळेल. मेंदी किंवा नखपॉलिश असलेलं बोट नको. हात गार असेल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. आरामात असताना ९४ च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टर. ९० किंवा त्याहून खाली असेल तर सकाळची वाट पाहू नका.

दोन हप्ते वही ठेवा

हे काम कोणतंही मशीन करू शकत नाही. पोराची जुनी वही घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा: झोप किती झाली, दिवसभर कोणतं काम किती वेळ केलं, संध्याकाळी अंग कसं होतं, आणि दुसऱ्या दिवशी उठताना कसं होतं. लिहिता येत नसेल तर ज्या दिवशी खाट सुटली नाही त्या दिवशी वाटीत तुरीचा एक दाणा टाका, आणि आदल्या दिवशी काय काम केलं होतं ते घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवा.

जावेच्या वहीत दुसऱ्याच आठवड्यात गोष्ट उघडी पडली. सोमवारी तिला बरं वाटलं, म्हणून धुणं, भाकरी, आणि दुपारून वेचणी, सगळं केलं. सोमवारी संध्याकाळीही ती ठीक होती. मंगळवारी दुपारपासून अंग मोडलं आणि गुरुवारपर्यंत ती उठली नाही. या आजाराची ही खास खूण आहे. जास्त श्रम झाल्यावर लगेच काही होत नाही, साधारण बारा ते बहात्तर तासांनी माणूस कोसळतो. मधे एवढं अंतर असल्याने कारण लक्षातच येत नाही. घरचे म्हणतात, काल तर चांगली होती, आज नाटक करते. वहीने हे बोलणं आमच्या घरात बंद केलं.

उभं राहिलं की चक्कर किंवा धडधड होत असेल तर घरीच एक तपासणी होते. शेजारी कोणीतरी हवंच. दहा मिनिटं खाटेवर पडून नाडी मोजा. मग उभं राहा, भिंतीला अलगद टेका आणि दहा मिनिटं दर दोन मिनिटांनी नाडी बघा. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ३० ठोके किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली तर तो आकडा डॉक्टरला दाखवा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच झोपा, तपासणी पूर्ण करायचा हट्ट नको.

सगळं कोरोनाच्या माथी मारू नका

माझ्या मते आपल्या भागात सर्वात मोठी चूक इथे होते. थकवा आहे, कोरोना झाला होता, म्हणजे त्याचाच असेल, असं म्हणून माणूस घरी बसतो, आणि आत वेगळाच, औषधाने बरा होणारा आजार वाढत असतो.

क्षयरोग पहिला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यातलं काही असेल तर थुंकी तपासा. तपासणी आणि औषधं दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झाली आहे. लाजेपायी थुंकी न देणारे मी खूप पाहिले.

रक्तातली साखर दुसरी. कोरोनानंतर काहींना नव्याने मधुमेह निघाला, स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये तर लपलेली साखर वर आली. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त असेल तर पुढचा तपास हवा.

मग रक्त. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आपल्याकडच्या कितीतरी बाया आठ-नऊवरच संसार ओढतात, त्यात कोरोनाची भर पडली की पाय उचलत नाही. पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे, आणि आदिवासी वस्त्यांत सगळीकडेच सिकलसेलची (आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) तपासणी झाली नसेल तर करून घ्या. प्राथमिक चाचणी सोपी आहे, सरकारी केंद्रात होते.

थायरॉइड, रक्तदाब, किडनीसाठी क्रिएटिनिन, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी एवढं डॉक्टरच्या सल्ल्याने झालं की बरंचसं चित्र स्पष्ट होतं. दरवेळी महागडं सीटी स्कॅन लागतंच असं नाही.

आणि एक दुखणं जे नेहमी सुटून जातं: जांघेत किंवा खुब्यात दुखणं, मांडी घालून बसता न येणं. कोरोनात स्टेरॉइड घेतलेल्या काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन ते झिजतं, आणि हे काही महिन्यांनी कळतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. लवकर सापडलं तर सांधा वाचवता येण्याची शक्यता असते. असं दुखणं असेल तर डॉक्टरला स्पष्ट सांगा की मी स्टेरॉइड घेतलं होतं. भरती असताना मिळालेलं कार्ड, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत घालून न्या. ज्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू आहेत, त्यांनी त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत.

कुठे जायचं आणि काय बोलायचं

गावातल्या आरोग्यमंदिरापासून सुरुवात करा. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून मोबाइलवर मोठ्या डॉक्टरशी बोलणं करून देऊ शकतात. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथून चिठ्ठी घेऊन नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाचं मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते. सरळ नागपूर गाठण्यात एसटीचे सहा तास आणि दिवसभराची रांग जाते, आणि त्या एका फेरीने रुग्ण पुढचे चार दिवस पडतो. जायचंच असेल तर आदला आणि नंतरचा दिवस आरामाचा ठेवा.

ओपीडीत डॉक्टरकडे दोन मिनिटं असतात. "कमजोरी वाटते" एवढंच सांगितलं तर टॉनिक लिहून मिळेल. त्याऐवजी म्हणा: "डॉक्टरसाहेब, अमुक महिन्यात कोरोना झाला. आधी मी दिवसभर वेचणी करत होते, आता दीड तासात बसते. जास्त काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडून राहते. ही वही." आकडा आणि फरक ऐकला की डॉक्टरही सरसावून बसतात, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

सलाईन लावू नका

आपल्याकडे कमजोरी म्हटलं की सलाईन. माझ्या जावेलाही एका खासगी दवाखान्यात चार वेळा लावलं, प्रत्येक वेळी मजुरीचे दोन-तीन दिवस गेले. त्या बाटलीत काय असतं ते सांगते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. बाकी पाणी. एका बाटलीतून जेवढी ताकद मिळते, तेवढी एका भाकरीतून मिळते. लावल्यावर दोन तास बरं वाटतं, कारण माणूस तेवढा वेळ शांत पडून राहतो आणि अंगात पाणी जातं. उलट्या-जुलाब झाले, तोंडाने काही जात नाही, तेव्हा सलाईन जीव वाचवतं. या थकव्याला ते औषध नाही. साखर न तपासता मधुमेहाच्या माणसाला ग्लुकोज लावणं तर सरळ धोक्याचं आहे.

सलाईनमध्ये पिवळं इंजेक्शन सोडतात, ती बहुधा जीवनसत्त्वं असतात. जेवण बरं असेल तर त्यांचीही गरज नसते. तुरीचं वरण, भाकरी, अंडं, मूठभर शेंगदाणे, पालेभाजीवर लिंबू पिळून, आणि जेवणाबरोबर चहा नको, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. पैसे तिथे घाला.

काम कसं करायचं

इथे घाई करू नका, सगळा लेख याच्यासाठी लिहिला आहे.

वहीवरून तुमची हद्द शोधा. समजा दोन तास वेचणी केली की दुसऱ्या दिवशी पडता, तर तुमची हद्द दोन तास नाही, सव्वा तास आहे. थकल्यावर थांबायचं नाही, थकण्याच्या आधी थांबायचं. हे आपल्या स्वभावाच्या उलट आहे. लहानपणापासून आपण शिकलो की अंगातलं सगळं संपेपर्यंत राबायचं. या आजारात जे उरवून ठेवता, त्याच्यावरच उद्या चालतो. बरं वाटतं त्या दिवशी तर जास्तच सांभाळा, कारण बहुतेकजण बरं वाटलेल्याच दिवशी स्वतःला पाडून घेतात.

वेचणीत ओटी अर्धी झाली की रिकामी करा. भरलेल्या ओटीचं ओझं कमरेवर घेऊन वाकणं हे वेचण्यापेक्षा जड काम आहे. वीस मिनिटं वेचा, दहा मिनिटं सावलीत बसा, अगदी बरं वाटत असलं तरी. किलोमागे मजुरी असेल तर हे जमवणं कठीण जातं, हे मला ठाऊक आहे. आम्ही घरच्या वावरात कामांची अदलाबदल केली: वेचणी सासूबाई आणि नणंदेकडे, कापसातला कचरा बसून निवडायचं काम तिच्याकडे. मजुरीला जाणाऱ्यांनी मुकादमाशी बोलून अर्ध्या दिवसाचा रोज मागावा. नाही मिळाला तरी एक दिवस आड जाणं हे चार दिवस पडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

धानपट्ट्यातली रोवणी मात्र पहिला हंगाम टाळा. चिखलात दिवसभर वाकून राहायचं आणि मग उठायचं, यात चक्कर येणाऱ्याचं हमखास खाली जाणं होतं. पेंढ्या पुरवणं, बांधावरची कामं घ्या.

फवारणी अजिबात नको. सोळा लिटरचा पंप पाठीवर, तोंडाला फडकं, वरून ऊन. त्यात वास येत नसेल तर औषध अंगावर उडतंय, नाकात जातंय, हे कळतच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली, ते आपण पाहिलं आहे.

घरात भाकऱ्या बसून थापा, भाजी खाटेवर बसून चिरा, आंघोळ स्टुलावर बसून करा. पाण्याचा एक मोठा गुंड आणण्यापेक्षा दोन लहान कळश्या, मधे थांबून. धुणं आणि सारवण एका दिवशी नको. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा धडधड आणि चक्कर दुप्पट होते, म्हणून मार्च ते जून कामं सकाळी नऊच्या आत. पाणी घोट घोट सतत. मीठ वाढवायचं की नाही, हे रक्तदाब मोजून डॉक्टरनेच सांगावं.

व्यायाम करावा का? वहीत कोसळण्याचे दिवस दिसत असतील तर "रोज थोडं थोडं वाढवत न्या" हा सल्ला घेऊ नका, त्याने नुकसान होऊ शकतं. तसे दिवस नसतील, नुसती अशक्ती असेल, तर अंगणात पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा. एक हप्ता तेवढंच ठेवा, त्रास झाला नाही तर दोन मिनिटं वाढवा.

दम, वास आणि डोकं

दम लागला की घाबरून तोंडाने भराभर श्वास घेऊ नका. पुढे वाका, हात गुडघ्यांवर किंवा धुऱ्यावरच्या दगडावर टेका. नाकाने श्वास घ्या आणि दिवा फुंकल्यासारखे ओठ करून दुप्पट वेळ सोडा. ओझं उचलताना श्वास सोडत उचला. चुलीचा धूर टाळण्यासाठी गॅस नसेल तर चूल निदान पडवीत हलवा. बिडी सोडा. खर्राही. तोंडाच्या कर्करोगापायी तर सोडायचाच, पण तंबाखूने नाडीही वाढते, आणि इथे ती आधीच वाढलेली आहे.

वास गेला असेल तर नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. चार डब्या करा: लवंग, लिंबाची साल, निलगिरी तेलाचा बोळा, गुलाबाचं अत्तर. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीचा वास वीस सेकंद हळू घ्या आणि तो वास पूर्वी कसा यायचा ते मनात आणा. किमान तीन महिने. संत्र्याच्या हंगामात लिंबाऐवजी संत्र्याची साल चालेल. मधल्या काळात कधी कधी चांगल्या भाजीला जळका किंवा कुजका वास येतो. त्याला घाबरू नका, नाक परतत असताना असं होतं. गॅसची गळती आणि विटलेलं अन्न मात्र दुसऱ्याच्या नाकाने तपासून घ्या.

गोष्टी आठवत नाहीत, हिशेब चुकतो, बोलताना शब्द सापडत नाही. हे वेड लागणं नाही. महत्त्वाचे व्यवहार, बँक, कृषी केंद्राचा हिशेब, सकाळी डोकं ताजं असताना करा आणि सोबत कोणाला तरी न्या. झोपेची वेळ एकच ठेवा, संध्याकाळनंतर चहा नको.

मन खचतं हे वेगळं सांगायला नको. कमावता माणूस खाटेवर, डोक्यावर कर्ज, आणि लोक म्हणतात "दिसतो तर धडधाकट". आपल्या विदर्भात हे ओझं कुठवर नेतं ते प्रत्येक गावाला माहीत आहे. घरातलं माणूस "मी तुमच्यावर भार झालो" असं बोलायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन लावून द्या. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असतो. बोलायची हिंमत त्याला होत नसेल तर आधी तुम्ही बोला.

किती दिवस?

बहुतेकांना काही महिन्यांत उतार पडतो, काहींना वर्षं लागतात. दर महिन्याला वहीतले पडून राहिलेले दिवस मोजा. महिन्याला दहाचे सहा झाले, सहाचे चार झाले, तर वाट बरोबर आहे. आकडा वाढला, नवीन दुखणं आलं, वजन उतरलं, तर पुन्हा डॉक्टर. पुन्हा कोरोना झाला तर त्रास परत उसळू शकतो, म्हणून घरात कोणाला सर्दी-ताप असेल तेव्हा लाँग कोविडच्या रुग्णाने तोंड झाकावं आणि वेगळ्या खोलीत झोपावं.

माझ्या जावेला पावणेदोन वर्षं लागली. हिमोग्लोबिन नऊवरून बारावर आलं, त्याने थोडा फरक पडला. बाकीचं तिने वहीवर सांभाळलं. गेल्या हंगामात ती बावीस किलोपर्यंत वेचत होती. अकरा वाजले की दुसरी ओटी रिकामी करते, लुगड्याचा काष्टा सैल करते आणि बाभळीखाली बसते. सासूबाई लांबूनच ओरडतात, "बस, बस, मी येतो तासाच्या शेवटाले."